गच्चीवरची शांत जागा

"जागा तू निवड," टकळीचा आवाज म्हणाला, "गच्चीवरचा एखादा बार बघ. सगळ्यांना वर, मोकळ्यावर बसायचंय. पण जरा शांत असू दे हं. का ते तुला एकटीलाच ठाऊक आहे." हल्ली टकळी फोन करीत नसे. आपला आवाज भरून पाठवी आणि उत्तर मात्र लिहून मागे, आणि तिचा हा नवा रिवाज लाडावलेल्या बाईचा आळस म्हणून सगळ्यांनी हसून सोडून दिला होता. खरे कारण एकीलाच माहीत होते. तीही ते कोणाला सांगणार नव्हती, कारण न सांगणे हा तिच्या पेशाचा भाग होता आणि स्वभावाचाही. तिने तो निरोप दोनदा ऐकला. पहिल्यांदा शब्दांसाठी आणि दुसऱ्यांदा आवाजासाठी. आवाज नेहमीपेक्षा चढा होता, आणि शब्दाच्या शेवटचे 'स' आणि 'श' किंचित झिजल्यासारखे येत होते. स्वतःचे बोलणे स्वतःलाच धड ऐकू येईनासे झाले की माणूस असे बोलू लागतो. समोरच्या काचेपलीकडे, आवाजबंद खोलीत, कानांवर यंत्र चढवून एक म्हातारा तिच्या खुणेची वाट पाहत बसला होता. तिने फोन पालथा ठेवला आणि अगदी बारीक असा एक सूर त्याच्या उजव्या कानात सोडला. म्हातारा ढिम्म बसून राहिला. तिला त्या क्षणी आतून काहीतरी बोचले. त्याला नाव द्यायचे झाले तर आनंद हेच द्यावे लागले असते, आणि म्हणून तिने ते दिले नाही.

लोकांचे कान तपासणे हे तिचे काम. कॉलेजातल्या मंडळींत तिला घुमी म्हणत. ती चार वाक्ये सलग बोलली की कोणीतरी घड्याळ बघे, आणि बाकीचे हसत, तीही हसे. टकळीला टकळी म्हणत, कारण तिची टकळी सकाळी सुरू होई ती रात्री डोळे मिटेपर्यंत थांबत नसे. वसतिगृहाच्या एका खोलीत दोघी तीन वर्षे राहिल्या, आणि त्या तीन वर्षांत घुमीने जे काही ऐकले त्याचा डोंगर तिच्या पुढच्या सगळ्या आयुष्यावर सावली धरून उभा होता. ऐकण्याची सवय तिला तिथेच लागली असे टकळी चारचौघांत अभिमानाने सांगे. "हिला या धंद्याला मी लावली," ती म्हणे, "माझं ऐकून ऐकूनच हिचे कान तयार झाले." हेही हसण्यावारी जाई. आणि आता तीच टकळी, एका मोठ्या कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या विभागाची प्रमुख, मागच्या थंडीत दवाखाना बंद व्हायच्या सुमारास चोरासारखी आली होती आणि त्या काचेपलीकडच्या खुर्चीवर बसली होती. सूर ऐकू आला की बटण दाबायचे, एवढेच तिथे करायचे असते. टकळीने भराभर बटण दाबले. सुरुवातीला घुमी चकित झाली, मग तिच्या ध्यानात आले की बटण सुरांवर दाबले जात नाही, तिच्या खांद्यावर दाबले जाते आहे. सूर सोडताना तिचा उजवा खांदा केसभर खाली येई, आणि टकळीचे डोळे त्या खांद्यावर खिळले होते. नवशिक्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवतात की रुग्णाला आपला हात दिसू देऊ नये. इतक्या वर्षांत तिचा खांदा असा कोणी वाचला नव्हता. तिने खुर्ची वळवली, पाठ केली आणि पुन्हा सुरुवात केली. बटण गप्प झाले. कितीतरी वेळ गप्प राहिले. मागे वळून पाहिले तेव्हा टकळी काचेतून तिच्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हरवलेल्या मुलाचे भाव होते. "कुणाला बोलू नकोस," ती बाहेर येऊन म्हणाली होती. "नवऱ्यालाही नाही. ऑफिसात कळलं तर दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची उचलतील. आणि आपल्या मंडळींना तर अजिबात नको. मला कीव नकोय गं कुणाची." कानात घालायचे यंत्र तिने हातात घेऊन पाहिले आणि किळस आल्यासारखे परत ठेवले होते.

तेव्हा शांत जागा म्हणजे काय, हे या शहरात कोणाला नेमके सांगता आले असते तर ते तिलाच. पुढच्या रविवारी दुपारी ती तीन गच्च्या बघून आली. पहिली एका जुन्या हॉटेलावर होती. जमीन लाकडी, वाऱ्याच्या बाजूला वेलींची दाट भिंत, खुर्च्यांवर जाड गाद्या, टेबले चौघांपुरती लहान आणि प्रत्येकावर एक पिवळा दिवा. तिथला वेटर हलक्या आवाजात बोलत होता आणि तरी त्याचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. इथे टकळीला समोरच्याचे ओठ दिसले असते, आवाज लाकडात आणि गाद्यांत जिरला असता, आणि तिने ती संध्याकाळ सहज तारून नेली असती. "आवडली जागा?" वेटरने विचारले. "फार," ती म्हणाली. खाली उतरताना तिने स्वतःशी वाद घातला की इतकी सोज्वळ जागा मंडळींना कंटाळवाणी वाटेल, आणि चौघांची आवड एकीच्या अडचणीखाली दडपणे हाही अन्यायच. दुसरी गच्ची ना धड अशी ना धड तशी होती, तिचा विचार तिने फारसा केला नाही. तिसरी एका उंच काचेच्या इमारतीवर होती. जमीन सिमेंटची, तीन बाजूंना काचा, डोक्यावर अर्ध्या भागात पत्रा, आणि दर दोन खांबांमागे एक स्पीकर. तिने रिकाम्या गच्चीच्या मध्यावर उभे राहून एकदा टाळी वाजवली. टाळी काचांवर आपटली, पत्र्यावर चढली, फाटली आणि चिंध्या होऊन परत आली.

"प्रतिध्वनी बघताय होय?" मॅनेजर हसला. उंची सूट घातलेला, पण बिनमोज्यांचा तरुण. "लोक सूर्यास्त बघतात, मॅडम."

"संगीत केव्हा वाढवता?"

"दिवे लागले की. काळजी करू नका, अशी धमाल असते की शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येणार नाही."

"आणि दिवे कसे असतात?"

"मंद. रंग बदलणारे. चेहरे फार छान दिसतात."

ती गच्चीभर फिरली. पश्चिमेच्या काचेला लागून एक लांब टेबल होते. त्याच्या एका बाजूला तीन खुर्च्या, सूर्याकडे पाठ करून, समोर एकटी एक, सूर्याकडे तोंड करून. तीन खुर्च्यांतल्या टोकाच्या खुर्चीवर वरून एक साधा पांढरा दिवा सरळ खाली पडे. खांबाला टांगलेली मद्याची यादी लोकांना वाचता यावी म्हणून तो लावला होता. समोरच्या एकट्या खुर्चीमागे स्पीकर होता. त्या खुर्चीवर बसून तिने समोर पाहिले. तीन माणसे इथे बसली आणि त्यांच्या मागे सूर्य उतरू लागला की त्यांचे चेहरे काळ्या कागदातून कापल्यासारखे होतील, नाक नाही, डोळे नाहीत, ओठ नाहीत. दिव्याखालचा एक सोडून. देखावा सर्वांत सुंदर दिसणारी खुर्ची मात्र हीच होती यात शंका नाही, आणि मैत्रिणीला सर्वांत चांगली खुर्ची देण्यात वावगे काय, हे तिला कोणी पटवून द्यावे. वारा तर प्रत्येक गच्चीवर असतो. गच्ची त्यांनाच हवी होती. टकळीला खरेच धोका टाळायचा असता तर तिने यंत्र कानात घातले असते. आपण केवळ चौघांपैकी एक आहोत, कोणाच्या कानाचे रखवालदार नव्हे. असा एक एक मुद्दा तिने विटेवर वीट ठेवावी तसा रचला आणि शेवटी तो भक्कम झाला असे वाटून मॅनेजरला म्हणाली, "हे टेबल शनिवारसाठी धरून ठेवा." घरी येऊन तिने टकळीला लिहिले: जागा मिळाली. शांत आहे. क्षणात उत्तर आले: तू आहेस म्हणून मी आहे.

त्या वाक्याने तिला झोप आली नाही. पश्चात्ताप तिला ओळखता आला असता, पण हे त्यातले नव्हते. ते वाक्य तिने याआधीही एकदा ऐकले होते, वसतिगृहात, ज्या रात्री तिने आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचे कोणाला मनातले सांगितले त्या रात्री. वर्गातला एक मुलगा तिला आवडत होता. त्याला दाढी म्हणत, कारण त्या वयात तशी दाढी दुसऱ्या कोणालाच नव्हती. अंथरुणात, अंधारात, भिंतीकडे तोंड करून तिने ते सांगितले होते. टकळी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली होती, तू आहेस म्हणून मी आहे, मला सांगितलंस ते बरं केलंस. चार दिवसांनी कोणाच्या तरी वाढदिवसाला टकळी खुर्चीवर उभी राहिली आणि घुमी कशी बोलते, भिंतीशी कशी बोलते, दाढीचे नाव घेताना तिचा श्वास कसा अडकतो, हे सगळे तिने हुबेहूब करून दाखवले. खोलीभर लोक पोट धरून हसले. दाढीही हसला, आणि हसता हसता त्याने घुमीकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात वाईट काहीच नव्हते, कीव होती. पुढे सगळे एकमेकांचे मित्र झाले, लग्ने झाली, दाढीची दाढीही गेली. टकळीला तो प्रसंग आठवतसुद्धा नव्हता. एकदा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली होती, "मी असं केलं? छे गं, तू काहीतरी स्वप्न बघितलं असशील."

शनिवारी टकळी सर्वांत आधी आली होती. तिचा पोशाख उंची होता आणि डोळे भ्यालेले. लिफ्टमधून गच्चीवर पाऊल टाकताच ती थांबली. वारा काचांच्या फटींतून शीळ घालीत होता. तिने घुमीकडे वळून पाहिले. "ही शांत?" तिने विचारले.

"दुपारी होती," घुमी म्हणाली. आणि मग ओठ नीट हलवीत पुढे म्हणाली, "मी समोरच बसते ना तुझ्या. माझ्याकडे बघत राहा."

टकळीने तिचा हात दाबला.

मग वकील आली. मंडळींतली तिसरी बाई, खरीच वकील, न्यायालयातून थेट, हातात जड बॅग आणि जिभेला धार. पाठोपाठ दाढी आला. तो वाळला होता, खांदे उतरले होते. घुमीने सगळ्यांना आपापल्या जागी बसवले. "मुलाखत घेतोय का आपण हिची?" समोर एकट्या बसलेल्या टकळीकडे पाहून वकील म्हणाली. "सूर्यास्ताची खुर्ची आहे ती," घुमी म्हणाली. टकळीने बोलायला सुरुवात केली ती थांबेचना. हा तिचा बचाव होता, घुमीला तो पाठ होता. जोवर आपण बोलतो आहोत तोवर दुसऱ्याचे ऐकावे लागत नाही. ऑफिसातला नवा साहेब, शेजाऱ्यांचे कुत्रे, नवऱ्याचे घोरणे, एकातून दुसरे निघत होते आणि प्रत्येकाची नक्कल होत होती.

"अगं, दम खा जरा," वकील म्हणाली. "आम्हालाही तोंडं दिली आहेत देवाने. वर फी पण घेते मी त्याची."

सूर्य टेकला. दिवे लागले, निळे, मग जांभळे, आणि स्पीकरांतून ठोक्यांचा आवाज जमिनीत शिरून खुर्च्यांच्या पायांतून वर आला. टकळीचे वाक्य मध्येच मोडले, आणि ती थांबल्याबरोबर इतरांनी तोंडे उघडली. घुमीला ते सारे टकळीच्या जागेवरून दिसू शकत होते. समोर तीन काळ्या आकृती, मधून मधून हलणारी डोकी, आणि एकच उजळ चेहरा. टकळीने तो चेहरा पकडला. बुडणारा माणूस दोर पकडतो तसा पकडला. वकीलबाईने काहीतरी गमतीचे सांगितले, घुमी हसली, टकळी हसली. दाढीने कशावर तरी आश्चर्य व्यक्त केले, घुमीच्या भुवया वर गेल्या, टकळीच्याही गेल्या. तिने पेला उचलला, टकळीने उचलला. मग घुमीने, काही कारण नसताना, मान डोलवली, आणि समोर लगेच मान डोलली. तिने पुन्हा करून पाहिले. तेच. तिच्या छातीत एक कढत, जवळजवळ मायेसारखी लाट उठली. इतक्या वर्षांत या बाईने तिचा चेहरा कधी धड पाहिला नव्हता, आणि आता तिच्या ओठाच्या कोपऱ्यावरून तिची नजर हलत नव्हती. हे इथेच थांबवावे, असे तिला वाटले. खरोखर वाटले. ती उठून मॅनेजरला आवाज कमी करायला सांगणार होती, तिने खुर्ची मागेही सरकवली होती.

तेवढ्यात दाढी टेबलावर झुकला. "एक सांगायचं होतं," तो म्हणाला. संगीतामुळे ते कोणाला कळले नाही, म्हणून त्याला ओरडावे लागले. "आई गेली. मागच्या महिन्यात. कुणालाच कळवलं नाही मी." मरणाची बातमी त्याला दोनदा ओरडून सांगावी लागली. वकीलबाईने त्याच्या दंडावर हात ठेवला. त्याच्या घरी मंडळी सुट्ट्यांत जाऊन राहत असत, त्या बाईने सगळ्यांना घरच्यासारखे वागवले होते. "शेवटी कुणाला ओळखत नव्हती," तो टकळीकडे पाहत ओरडला. "मलाही नाही. फक्त विचारायची, ती बडबडी पोरगी का येत नाही रे. रोज विचारायची. म्हणजे तू."

टकळीने घुमीकडे पाहिले. दाढी आणि वकील दोघांचीही तोंडे टकळीकडे होती. दिव्याखालचा तो चेहरा त्या गच्चीवर एकीलाच दिसत होता. घुमी हसली. मोठ्याने नव्हे, विनोद संपला की माणूस हसतो तसे, डोळे बारीक करून, मान जराशी मागे टाकून.

आणि टकळी खदखदून हसली. तिचे ते प्रसिद्ध हसणे, ज्यासाठी लोक तिला बोलावीत, ते तिने सारी संध्याकाळ दाबून धरले होते, ते सगळे एकदम सुटले. तिने टेबलावर हात आपटला. "काय सांगतोस," ती म्हणाली, "मस्तच." मग तिला काळ्या आकृतींचे हलणे थांबलेले दिसले. तिचे हसू पायरी पायरीने उतरले, आणि तिने पुन्हा घुमीच्या चेहऱ्यात काही मिळते का पाहिले. त्यावर आता काहीच नव्हते. काचेपलीकडून रुग्ण बघतो तेव्हा असावा तसा तो पुसलेला होता. टकळी उठली, खुर्ची धडपडत बाजूला झाली आणि ती लिफ्टच्या दिशेने चालू लागली.

"पिऊन आली होती की काय ही?" वकील म्हणाली. घुमी टकळीच्या मागे गेली.

लिफ्टसमोरच्या बोळात दार लावल्यावर ठोके दूर गेले आणि पांढऱ्याफेक उजेडात टकळीचा रंग उडालेला दिसला. "काय झालं? काय म्हणाला तो?"

"त्याची आई गेली. ते सांगत होता."

टकळीने दोन्ही हात तोंडावर नेले. मग हात काढून ती सावकाश म्हणाली, "पण तू हसलीस. मी तुझ्याकडेच बघत होते. तू हसलीस म्हणून मी..."

"मी?" घुमी म्हणाली. "मी कशाला हसेन गं?"

ती टकळीच्या डोळ्यांत पाहत राहिली. तिला वाटले होते की इथे आपला आवाज कापेल, पण तो कापला नाही, आणि कापला असता तरी समोर तो ऐकणारे कोणी नव्हते. टकळीच्या डोळ्यांतली खात्री आधी हलली, मग भंगली. "ते दिवे," ती पुटपुटली. "रंग बदलत होते ना. मला दिसलं तसं. म्हणजे मला आता दिसतंही चुकीचं का गं?" घुमीने तिच्या गालावरचा केस बाजूला केला. "इथेच थांब. तुझी पर्स आणते."

टेबलाशी दाढी उभाच होता. त्याने तिला बाजूला घेतले. "तिला ऐकू येत नाही का गं?" त्याने विचारले. "मगापासून बघतोय, ती माझ्याकडे बघतच नव्हती. जाऊ दे, तू सांगू नकोस, तुमच्या पेशात सांगत नसतील. तिला एवढंच सांग की मी रागावलो नाही. आईला तिचं हसणंच आवडायचं. आज ती हसली, तर मला वाटलं, आईचंच काहीतरी... जाऊ दे. तिला परत आण. कुठेतरी बोलता येईल अशा जागी जाऊन बसू. तिला आईचं सगळं सांगायचंय मला."

"हो, आण तिला," वकीलही म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मी उगाच बोलले."

घुमीने टकळीची पर्स उचलली. "सांगते," ती म्हणाली. "पण आज तिला राहू द्या. आणि काही दिवस कुणी काही लिहू नका. ती मिटून घेते अशा वेळी, मला माहीत आहे. मी हळूहळू आणीन तिला." दोघांनी माना हलवल्या. तिच्या शब्दाबाहेर ती दोघे नव्हती. टकळीबद्दलचा शेवटचा शब्द हिचा, हे ते इतकी वर्षे धरूनच चालले होते.

लिफ्ट खाली निघाली. टकळी कोपऱ्यात पर्स उराशी धरून उभी होती. "काय म्हणाला तो?" तिने विचारले. "तू पर्स आणायला गेलीस तेव्हा. काहीतरी म्हणाला असेल ना."

लिफ्टमध्ये उजेड भरपूर होता आणि वारा नव्हता. घुमी तिच्यासमोर, हातभर अंतरावर, चेहरा सरळ धरून उभी राहिली, आणि एकेक शब्द वेगळा, स्वच्छ उच्चारीत म्हणाली, "काही नाही. कुणी काहीच बोललं नाही."

टकळीचा चेहरा आक्रसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्यापाशी शब्द नव्हते. ती नुसती पाहत राहिली, घुमीच्या ओठांकडे, एक अक्षरही निसटू नये अशा आशेने, डोळे ताणून, श्वास धरून. असे आपल्याकडे आजवर कोणीच पाहिले नाही, हे घुमीला जाणवले. न आईने पाहिले, न कोणत्या पुरुषाने. आपण जे सांगू ते आता हिच्यासाठी खरे असणार होते, आणि सांगण्यासारखे तर कितीतरी साठले होते. तिने घसा साफ केला आणि बोलायला सुरुवात केली.